दोनशे पत्रिका आणि एक नंदीबैल

आमच्या सांगलीकडच्या गल्ल्यांत गुबुगुबूचा आवाज आला की पोरं जेवत्या ताटावरून उठून दारात यायची. पाठीवर रंगीत झूल, शिंगांना गोंडे, कपाळावर कवड्यांची पट्टी, गळ्यात घुंगुरमाळ असा नटलेला बैल आणि कासरा धरून नंदीवाला. "सांग महादेवा, यंदा पाऊस पडंल का?" बैल मान हलवायचा. "ह्या पोराला नोकरी लागंल का?" पुन्हा होकार. "ह्या घरची माऊली आपल्याला रिकाम्या हातानं लावून देईल का?" इथे मात्र बैल आडवी मान हलवायचा, बायका हसायच्या आणि सुपातून जोंधळे यायचे. आम्ही पोरं सगळा वेळ बैलाच्या तोंडाकडे बघत असायचो. नंदीवाल्याच्या हाताकडे बघायचं असतं, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. कासऱ्याला एक बारीकसा झटका, काठीचं टोक जरासं इकडेतिकडे, की बैल बोलता होतो.

बर्लिनमध्ये शंभरेक वर्षांपूर्वी असाच एक घोडा होता. हान्स त्याचं नाव. विल्हेल्म फॉन ओस्टन या निवृत्त शिक्षकाने त्याला शिकवलेलं. बेरीज विचारा, अपूर्णांक विचारा, तारीख विचारा, हान्स खूर आपटून आकडा सांगायचा. १९०४ साली जाणत्या मंडळींची समिती नेमली गेली आणि तिने निर्वाळा दिला की इथे लबाडी नाही. लबाडी नव्हतीच. पण ऑस्कर फुंग्स्ट नावाच्या तरुण अभ्यासकाने एक साधा बदल करून पाहिला. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल अशी व्यवस्था त्याने केली, आणि हान्सचं गणित ढासळलं. विचारणारा घोड्याला दिसेनासा केला, तेव्हाही तेच झालं. योग्य आकडा जवळ आला की विचारणाऱ्याचं डोकं, खांदे नकळत किंचित हलायचे. घोडा ते टिपायचा आणि खूर थांबवायचा. नंदीवाल्याला आपण खूण करतोय हे ठाऊक असतं, फॉन ओस्टनला ते ठाऊक नव्हतं, एवढाच काय तो फरक. १९०७ साली फुंग्स्टचं पुस्तक आलं आणि मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात हा घोडा कायमचा जाऊन उभा राहिला. ज्याला उत्तर माहीत आहे त्याच्या हाती परीक्षा देऊ नये, मग तो कितीही सचोटीचा असो, हा त्या घोड्याचा धडा.

हा धडा महाराष्ट्रात सर्वांत नेटकेपणाने गिरवला गेला तो २००८ साली. प्रयोग पुण्यात झाला, पण त्यामागच्या माणसाची पाळंमुळं कृष्णाकाठची. डॉ. नरेंद्र दाभोलकर १ नोव्हेंबर १९४५ ला साताऱ्यात जन्मले. शाळा साताऱ्याचं न्यू इंग्लिश स्कूल, पुढे सांगलीचं विलिंग्डन महाविद्यालय आणि डॉक्टरकी मिरजेला. कबड्डीचे नावाजलेले खेळाडू, शिवछत्रपती पुरस्काराचे मानकरी. बारा-एक वर्षं वैद्यकी केल्यावर त्यांनी सामाजिक कामात उडी घेतली आणि १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली. या 'अंनिस'चं वार्तापत्र सांगलीहून निघतं आणि तिचे कार्यकर्ते गावोगावी बुवा-बाबांना आव्हान देत फिरतात. सिद्ध करा आणि बक्षीस घ्या, असं ते आव्हान. त्याची रक्कम वाढत वाढत पुढे एकवीस लाखांवर गेली. कुणी ती जिंकून नेली नाही.

पण आव्हानाला एक मर्यादा असते. बाबा येतच नाही. किंवा येतो आणि आज ग्रह अनुकूल नाहीत, तुमच्या नजरेत शंका आहे, असं सांगून परत जातो. शिवाय भांडेफोड होते ती एका बाबाची. ज्योतिषाचं तसं नाही. पत्रिका बघणारा माणूस बहुतेक वेळा तुमच्या-आमच्यासारखाच असतो. दिवसा नोकरी, संध्याकाळी पंचांग. तो पैसे घेतो किंवा घेतही नाही, आणि आपल्या शास्त्रावर त्याचा मनापासून विश्वास असतो. तो नंदीवाला नाही, फॉन ओस्टन आहे. त्याला भोंदू म्हणून काही सिद्ध होत नाही.

पत्रिकेशी या भागाचा जुना संबंध आहे, तोही वरवरचा नाही. १९२० साली सांगलीत ज्योतिष संमेलन भरलं होतं. मुंबईला १९०४ मध्ये आणि पुण्याला १९१७ मध्ये सुरू झालेली पंचांगशुद्धीची चर्चा तिथे पुढे गेली. लोकमान्य टिळक त्या चळवळीच्या अग्रभागी होते. जुन्या ग्रंथांवरून काढलेले ग्रह आकाशातल्या ग्रहांशी जुळत नाहीत, तेव्हा वेध घेऊन गणित सुधारा, हे त्यांचं म्हणणं. विचार खरोखर आधुनिक होता: पोथी आणि आकाश यांत तफावत आली तर आकाश प्रमाण. गंमत अशी की गणिताला लावलेली ही कसोटी फलिताला लावावी, पत्रिकेवरून सांगितलेलं भविष्य माणसांच्या आयुष्याशी ताडून बघावं, हा पुढचा प्रश्न तेव्हा विषयपत्रिकेवर आला नाही. त्याला अजून अठ्ठ्याऐंशी वर्षं लागायची होती.

तो ऐरणीवर यायला निमित्त झालं दिल्लीचं. फेब्रुवारी २००१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने 'ज्योतिर्विज्ञान' या नावाने विद्यापीठांतून फलज्योतिषाचे अभ्यासक्रम सुरू करायचं ठरवलं. देशभरच्या वैज्ञानिकांनी विरोध केला. जैवशास्त्रज्ञ पुष्प भार्गव न्यायालयात गेले, आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने याचिका फेटाळली. विरोधकांत ठळक नाव होतं डॉ. जयंत नारळीकरांचं. जन्म कोल्हापूरचा, वाढले बनारसला, केंब्रिज करून आलेले खगोलशास्त्रज्ञ, पुण्याच्या 'आयुका'चे संस्थापक संचालक. हे ज्योतिर्विज्ञान ना वैदिक ना विज्ञान, असा लेखच त्यांनी तेव्हा लिहिला होता.

लेख लिहून, सह्या गोळा करून काय साधतं, याचा अनुभव बाहेरही होता. १९७५ साली अमेरिकेत १८६ शास्त्रज्ञांनी ज्योतिषाविरुद्ध पत्रक काढलं, त्यांत अठरा नोबेल विजेते. कार्ल सेगन यांनी मात्र सही करायला नकार दिला. ज्योतिष खरं आहे असं त्यांना मुळीच वाटत नव्हतं, पत्रकाचा अधिकारवाणीचा सूर त्यांना पटला नाही. मला सेगन यांचं म्हणणं बरोबर वाटतं. एकशे शहाऐंशी मोठी माणसं 'खोटं आहे' म्हणतात म्हणून एखादी गोष्ट खोटी ठरवायची, तर 'आमच्या गुरुजींनी सांगितलं' म्हणणाऱ्याला आपण कोणत्या तोंडाने हसणार?

तपासून बघणारेही होते. बर्नी सिल्व्हरमन या मानसशास्त्रज्ञाने मिशिगनमध्ये २,९७८ विवाहित आणि ४७८ घटस्फोटित जोडप्यांच्या जन्मतारखा घेतल्या आणि ज्योतिषांनी सांगितलेली जुळणी त्यांच्या संसारांशी ताडून पाहिली. संबंध आढळला नाही. १९८५ साली शॉन कार्लसन याने 'नेचर'मध्ये ज्योतिषांची दुहेरी अंध चाचणी प्रसिद्ध केली. तिथेही ज्योतिषी योगायोगाच्या पुढे गेले नाहीत. पण ही सगळी पाश्चात्त्य ज्योतिषाची परीक्षा. आपलं ज्योतिष निरयन, त्यांचं सायन; आपलं वेगळं आहे, असं म्हणायला इथल्या ज्योतिषाला जागा होती. ती जागा रास्तही होती.

म्हणून चौघे एकत्र आले. नारळीकर, दाभोलकर, पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागातले प्रा. सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे. घाटपांडे हे यातलं विशेष पात्र. ते स्वतः ज्योतिष शिकलेले, पत्रिका मांडणारे, आणि मग त्याचे चिकित्सक झालेले. ज्योतिषाच्या बाजूने कोणता आक्षेप कुठून येईल हे आतून ठाऊक असलेला माणूस संघात असणं, हे मला या प्रयोगातलं मोठं शहाणपण वाटतं.

पहिला पेच प्रश्न कोणता विचारायचा हा. लग्न कधी होईल, परदेशयोग आहे का, असं विचारलं तर उत्तरासाठी वर्षानुवर्षं थांबावं लागतं, आणि 'योग होता, पण जातकाने प्रयत्न कमी केले' ही पळवाट उघडी राहते. स्वभाव विचारला तर उत्तर रबरासारखं ताणता येतं. तेव्हा असं काही हवं होतं की जे आधीच घडलेलं आहे, ज्यात हो किंवा नाही एवढंच आहे, आणि जे पत्रिकेत दिसतं असं ज्योतिषी स्वतः सांगतात. बुद्धी. बुध हा बुद्धीचा कारक, पंचमस्थान विद्येचं, हे कुठल्याही प्राथमिक पुस्तकात असतं. मुलगा हुशार आहे की मतिमंद (तेव्हा सरसकट हाच शब्द वापरत), एवढा मोठा फरक जर पत्रिकेत उमटत नसेल तर मग उमटतं तरी काय?

अंनिसचे कार्यकर्ते शाळांमधून गेले. शिक्षकांनी हुशार म्हणून निवडलेल्या मुलांची आणि विशेष शाळांतल्या मुलांची जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मस्थळ त्यांनी पालकांकडून घेतलं. दोन्ही गटांतून शंभर-शंभर नोंदी निवडल्या. घाटपांड्यांनी बाजारात मिळणाऱ्या ज्योतिषाच्या सॉफ्टवेअरवर दोनशे पत्रिका मांडल्या.

यापुढची पायरी वाचकाने जरा थांबून पाहावी. प्रत्येक पत्रिकेला सांकेतिक क्रमांक दिला गेला, आणि कोणता क्रमांक कोणाचा ही किल्ली कुंट्यांनी विद्यापीठात आपल्या ताब्यात ठेवली. ज्योतिषांना ती माहीत नव्हती, हे तर झालंच. पण नारळीकर, दाभोलकर आणि घाटपांडे यांनाही आपण कोणाची पत्रिका पाठवतोय हे कळायची सोय उरली नाही. ज्यांची ज्योतिषाविरुद्ध मतं जगजाहीर होती, त्यांनी स्वतःच्याच डोळ्यांवर पट्टी बांधून घेतली. दुहेरी अंध म्हणतात ते हेच. बोलण्याच्या ओघात, पाकिटं भरण्याच्या क्रमात, चेहऱ्यावरच्या एखाद्या रेषेत उत्तर गळू नये, कासऱ्याला झटका बसू नये, म्हणून. आपल्याकडे प्रामाणिकपणा म्हणजे मी खोटं बोलणार नाही अशी शपथ. इथे प्रामाणिकपणा म्हणजे मला खोटेपणा करताच येणार नाही अशी मांडणी. मला दुसरा प्रकार जास्त भरवशाचा वाटतो.

१२ मे २००८ रोजी पुण्यात पत्रकार परिषद झाली. व्यक्तिगत भाग घेणाऱ्या ज्योतिषाला दोनशेंतून चिठ्ठ्या टाकल्यासारख्या उचललेल्या चाळीस पत्रिका मिळणार होत्या. चाळीसांत किती हुशार आणि किती मतिमंद, हे त्या उचलण्यावर अवलंबून. वीस-वीस असतील असं गृहीत धरून हिशेब जुळवायलाही वाव नव्हता. संस्थांना सगळ्या दोनशे देऊ केल्या होत्या, कारण नमुना जेवढा मोठा तेवढा योगायोगाचा खेळ कमी. बातमी वृत्तपत्रांत गाजली. सुमारे दीडशे ज्योतिषांनी दूरध्वनी करून चौकशी केली. प्रयोगात सहभागी होऊ नका, यांचा हेतू शुद्ध नाही, अशी भाषाही झाली. शेवटी ५१ जणांनी पत्रिका मागवल्या आणि मुदतीत उत्तरं पाठवली ती २७ जणांनी.

आता निकालाकडे जाण्यापूर्वी एक रुपयाचं नाणं घ्या. छापा म्हणजे हुशार, काटा म्हणजे मतिमंद. चाळीस वेळा उडवलं तर सरासरी वीस उत्तरं बरोबर येतील. नेमकी वीसच येतील असं नाही. दर चार जणांतल्या तिघांची उत्तरं सतरा ते तेवीसच्या दरम्यान पडतील, आणि सव्वीसच्या वर क्वचित कुणी जाईल. पत्रिकेत काही दिसतं असं म्हणायचं तर ज्योतिषांनी, एखाददुसऱ्याने नव्हे तर एकूणात, या नाण्याला मागे टाकायला हवं. संख्याशास्त्राची मागणी एवढीच.

सत्तावीस जणांत सर्वोत्तम गुण २४. तेही एकालाच. त्याखालोखाल दोघांना २२, आणि बाकी सगळे वीस किंवा त्याहून खाली. सरासरी ४६ टक्के. एका संस्थेने दोनशेच्या दोनशे पत्रिका सोडवल्या, तिची १०२ उत्तरं बरोबर आली. नाण्याची आली असती शंभर.

त्या चोवीसवाल्याबद्दल दोन शब्द लिहायला हवेत, कारण एरवी वर्तमानपत्रात फोटो त्याचाच छापला गेला असता. चाळीसांत चोवीस म्हणजे साठ टक्के. पहिल्या वर्गात पास! पण सत्तावीस जणांच्या हातात नाणी दिली असती तर त्यांपैकी तीन-चार जणांना चोवीस किंवा त्याहून अधिक मिळाले असते. तेव्हा हा एक माणूस निघाला याचं नवल नाही. एकच निघाला, हेच थोडं कमी झालं. आपल्या ओळखीत 'अगदी तंतोतंत सांगणारे' जे एक गृहस्थ असतात, ते बहुधा असेच निघालेले असतात. मुलगा की मुलगी याचं भाकीत शंभर घरांत केलं की पन्नासेक घरांत ते खरं ठरतं. त्या घरांतून पेढे येतात. उरलेल्या पन्नास घरांतून काही कुणी भांडायला येत नाही.

प्रयोगात उणिवा नव्हत्या असं नाही. जन्मवेळ पालकांच्या आठवणीवर विसंबून होती. मात्र रोजच्या व्यवहारात ज्योतिषी तीच वेळ घेऊन पत्रिका मांडतात, तेव्हा त्यांनी हा आक्षेप घेतला तर तो त्यांच्याच धंद्यावर उलटतो. चोवीस जणांनी उत्तरंच पाठवली नाहीत; ती आली असती तर सरासरी कुठे सरकली असती हे सांगता येत नाही. जातक समोर बसल्याशिवाय, अंतःस्फूर्तीशिवाय भविष्य सांगता येत नाही, असा बचाव नेहमी ऐकू येतो. तो ऐकला की मला नंदीबैल आठवतो. जातकाचा चेहरा, कपडे, सोबत आलेल्या आईचा सुस्कारा हे सगळं काढून घेतल्यावर उरलेल्या कागदात काय आहे, एवढंच तर बघायचं होतं. आणि हुशारीबद्दलची ही चाचणी विवाहाबद्दल, आयुष्यमानाबद्दल काही सांगत नाही, हेही खरं. त्यासाठी वेगळे प्रयोग हवेत. ते करायला ज्योतिष संस्थांना कुणी अडवलेलं नाही.

चौघांचा शोधनिबंध मार्च २००९ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये आला आणि नारळीकरांनी २०१३ साली अमेरिकेतल्या 'स्केप्टिकल इन्क्वायरर'मध्ये त्याबद्दल लिहिलं. इथे मात्र दोन-चार दिवसांच्या बातम्यांपलीकडे फारसं हललं नाही. छत्तीसपैकी अठरा गुण जुळतात का ते बघूनच आजही स्थळं पुढे जातात. एरवी ज्या दोघांचं अजिबात पटत नाही त्यांच्यात छत्तीसचा आकडा आहे असं म्हणणारी आपली भाषा, पत्रिकेत छत्तीस गुण आले की हरखून जाते.

न हलण्याचं कारणही मानसशास्त्राच्या त्याच पहिल्या वर्षाच्या पुस्तकात सापडतं. १९४८ साली बर्ट्रम फोरर याने ३९ विद्यार्थ्यांची स्वभावचाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचं म्हणून एक स्वभाववर्णन दिलं. मुलांनी अचूकतेला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. मग कळलं की सगळ्यांना एकच मजकूर दिला होता, बराचसा राशिभविष्याच्या पुस्तकातून उचललेला. वरून कडक दिसता पण आतून हळवे आहात, दुसऱ्यांसाठी खूप करता पण यश मिळत नाही: हे सांगलीच्या हळद बाजारातल्या अडत्याला लागू पडतं, साताऱ्याच्या निवृत्त मास्तरांना लागू पडतं आणि हे लिहिणाऱ्यालाही. पाच वाक्यांतलं चपखल बसलेलं एक आपण घरी नेतो, चार तिथेच ठेवून येतो. चाळीस पत्रिकांच्या कागदावर ही सवलत नव्हती. हो किंवा नाही एवढंच लिहायचं होतं, आणि तिथे विद्या उघडी पडली.

२० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी, पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर फिरायला निघालेल्या दाभोलकरांची गोळ्या घालून हत्या झाली. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडत होते, त्याचा अध्यादेश त्यानंतर काही दिवसांत निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने कायदा मंजूर केला. पत्रिकांचा प्रयोग त्या कायद्यात कुठेच नाही, आणि नसावाच. भविष्य सांगणं हा गुन्हा व्हावा असं या प्रयोगातून निघतही नाही. उलट कायदा कशाकशाला लागू नाही याची यादी बाराव्या कलमात दिली आहे. प्रदक्षिणा, वारी, हरिकीर्तन, मुलांचे कान टोचणं अशा गोष्टींच्या सोबत वास्तुशास्त्राचा सल्ला आहे, विहिरीचं पाणी सांगणारे आहेत, जोशी-ज्योतिषी आहेत. आणि त्यांच्या शेजारीच, अगदी नाव घेऊन, नंदीबैलवाले.